प्लग फिरवून बघ

निशिवाकी-सान स्पीकरच्या जाळीला कान लावून गुडघ्यांवर बसले होते. डोळे मिटलेले. गाणं लागलेलंच नव्हतं. ते ऐकत होते ती गुणगुण, स्वतः जोडलेल्या व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पची, म्हणजे गाण्याचा आवाज वाढवणाऱ्या पेटीची.

"आहेच मेली," ते म्हणाले.

ती घालवायला आज त्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलून वेगळ्या डब्यात बसवला होता. त्याआधी अर्थिंगच्या साऱ्या तारा एका स्क्रूवर आणल्या. निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेले कपॅसिटर तर आता पेटीत मावेनात.

"मंडळातल्या तोकुनागा-साननी ऐकलं ना परवा?" मागे भिंतीशी बसलेली त्यांची बायको सुमिए म्हणाली. "काही ऐकू येत नाही म्हणाले."

"तो भिडेखातर म्हणाला. तू तांदळाची गोड मोची खाऊ घातलीस, मग काय बोलणार बिचारा?"

"म्हणजे याही रविवारी मंडळात जायचं नाही."

"हे असलं घेऊन? चारचौघांत हसं करून घ्यायला?"

मंडळातले हौशी लोक आपापली यंत्रं घेऊन जमत, एकमेकांची ऐकत. यांची पेटी मात्र कधी टेबलावरून हलली नव्हती. सुमिएला त्याचं फार वाईट वाटे.

"प्लग फिरवून बघ," ते म्हणाले.

प्लग उलटा घातला की कधीकधी गुणगुण उतरते, हे एव्हाना तिलाही पाठ झालं होतं. सगळ्या यंत्रांचा मिळून तो एकच प्लग. तिनं तो भिंतीतून उपसला, फिरवला, आणि हातातच धरून बसली.

"घातलास?"

"ऐका तुम्ही."

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. ते डोळे मिटून थांबले. चांगला बराच वेळ थांबले.

"जरा उतरलीय," ते म्हणाले. "पण आहे."

मग ते वळले. व्हॉल्व्ह विझलेले होते. प्लग तिच्या मांडीवर होता. त्यांनी हात लांबवून एका व्हॉल्व्हची काच चाचपली. ती गार होत आली होती.

"मला वाटतच होतं हो, ती पेटीत नाहीच," सुमिए हळूच म्हणाली.

ते उठले आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

"तुला आत्ता काय ऐकू येतंय?"

सुमिएनं नीट कान दिला. "काहीच नाही."

"कसं असतं गं ते?" त्यांनी विचारलं.