घटकाभर उसंत

पक्षाघाताने वाचा गेलेल्या सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेली पितळी घंटा दिवसभर वाजत असे. “बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं की घरीच, तूच ठरव,” कामावर निघताना पती म्हणाला. “ठरवायला डोकं शांत लागतं. ही घंटा शाळेसारखी, पण सुट्टीची कधी होतच नाही!” सून उत्तरली. दुपारी सासऱ्यांचा डोळा लागताच तिने घंटेच्या आतल्या लोलकाभोवती कापूस गुंडाळला आणि गच्चीवर बसून कित्येक वर्षांनी सलग विचार केला. ‘पोरी’ म्हणून हाक मारणारा त्यांचा जुना आवाज आठवला. मन द्रवले. ते घरीच राहतील असे ठरवून ती प्रसन्न मुद्रेने सांगायला खाली आली. सासरे निष्प्राण होते. आवळलेल्या मुठीत घंटा होती. तिने कापूस उपटला. फोन करताच पती धावत आला. “घंटा नाही वाजवली बाबांनी?” कापसाची मूठ पाठीमागे नेत ती म्हणाली, “वाजलीच नाही.”