रोझरी कुणासाठी?

बंदरावर वादळाचा बावटा चढला, तरी बस्त्यावची होडी परतली नव्हती. त्याची आई मात्र टीव्हीवर मालिका बघत होती.

“आये, तुमचा पोरगा दर्यात अडकलाय आणि तुम्ही मालिका बघता?” रेजिना सासूवर ओरडली.

म्हातारीने पदराखालून रोझरीची माळ काढली. “मालिकेतल्या या बाईचाही नवरा हरवलाय. तिच्यासाठीच प्रार्थना म्हणतेय. बस्त्यावचं नाव घ्यायला गेले की जीभ वळत नाही. मारियामाता समजून घेईल.”

रेजिना तिच्याजवळ टेकली. “नमो मारिये,” म्हातारी पुटपुटली. पुढचे शब्द रेजिनाने म्हटले.

फोन वाजला. उचलायला दोघीही धजेनात. अखेर रेजिनाने तो कानाला लावला.

“बंदराला लागलो. आयेला सांग.”

रेजिनाला रडूच फुटलं. ते पाहून म्हातारीला वाईटच बातमी वाटली, तसा रेजिनाने फोनच तिच्या कानाशी धरला.