शुक्रवारची हजेरी

"फक्त नावं," गिरीशसाहेब म्हणाले. "बाकी काही नको मला."

वहाबने चहाचा ग्लास खाली ठेवला. सौदीत, जेद्द्याच्या बलद भागात, जुन्या बाजारात त्याचं तसबीहच्या माळा आणि नमाजाच्या चटया, जानमाज विकायचं दुकान. बावीस वर्षं झाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार महिन्यांपूर्वी पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला आणि तो जो अडकला तो अडकलाच. वकिलातीच्या खिडकीवर एकच उत्तर, वरून काही कळलं नाही.

मग एके दिवशी हे गिरीशसाहेब आपण होऊन दुकानात आले. "श्रीवर्धनचे ना तुम्ही? म्हणजे आपल्याकडचेच की." अगदी घरच्यासारखं मराठी. कुठल्या ऑफिसातले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची वहाबची छाती झाली नाही.

"तुमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हम्माद शालवाला राहतो," साहेब म्हणाले. "दर शुक्रवारी त्याच्याकडे काश्मिरी लोक जमतात. आझादीवाले. कोण कोण येतं तेवढं सांगा. पासपोर्टचं मी बघतो."

त्याच दिवशी घरून बायकोचा, जोहराचा फोन आला. उझमाचा निकाह दोन महिन्यांवर आला होता.

"तुमी येनार ना नक्की?" जोहराने विचारलं. "भाईजान म्हनतात, नाय जमलं तर वली म्हनून मी बसतो."

"बाप जिवंत असताना मामा कशाला बसेल?" वहाब तडकला. फोन ठेवल्यावर मात्र त्याला रडू आलं. एकुलती एक पोर, आणि तिचा हात दुसऱ्या कुणी द्यायचा?

वहाब काही वाईट माणूस नव्हता हो. गेल्या साली तापाने आडवा झाला तेव्हा याच हम्मादने आठ दिवस त्याला पेज करून घातली होती. तरीही त्याने जिना चढून हम्मादला विचारलं, "शुक्रवारी मी पण येऊन बसू का?"

"विचारता काय, वहाबभाई? तुमचंच घर आहे," हम्माद म्हणाला.

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दहा-बारा जण जमले. कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, एक जण अल खर्जच्या डेअरीतून बस पकडून आलेला. एकमेकांना सगळे भाई नाहीतर उस्ताद म्हणत, त्यामुळे नाव काही कळेना. खारट गुलाबी चहा फिरला. वहाबला तो मुळीच आवडला नाही, पण त्याने दोन कप घेतले.

घोषणा वगैरे काही नाही. इथे चार माणसांनी आवाज चढवला की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, खलास, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. परदेशात धाडायच्या एका पत्राचा मसुदा वाचला गेला. आम्हाला या देशात नको, त्या देशातही नको, आमचं आम्हाला ठरवू द्या, एवढंच त्यात होतं. अशाच आधीच्या एका पत्रापायी एकाच्या भावाची गावाकडची नोकरी गेली होती. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या बापाला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं होतं. हे सांगताना कुणाचा आवाज चढला नाही. ऐकता ऐकता वहाबला आपलीच लाज वाटायला लागली.

शेवटी हम्माद उभा राहिला. सगळे सावरून बसले. हातात कागद नव्हता, नावं कुठेही लिहायची नाहीत हा त्यांचा नियम. त्याने एकेक नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट. प्रत्येक नावाला कुणीतरी शांतपणे "हाजिर" म्हणालं. नऊ नावं झाली. म्हातारा सुतार दोनदा हाजिर म्हणाला, तेव्हा वहाबला हसू आलं. शाळेत दांडी मारलेल्या दोस्ताची हजेरी तोही अशीच लावायचा.

खाली येऊन त्याने जुन्या बिलाच्या पाठीवर नऊच्या नऊ नावं उतरवली. उझमाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून त्याने तो कागद साहेबांना दिला.

दहा दिवसांत पासपोर्ट हातात आला. वहाब जीव मुठीत धरून राहिला, पण इथे कुणाला काही झालं नाही. शुक्रवारी माणसं येत होती, जात होती. हळूहळू त्याला रात्रीची झोप लागायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो निरोप घ्यायला वर गेला. गालिच्यावर एक म्हातारी बसली होती. अंगात पायघोळ काश्मिरी फेरन, मांडीवर बोचकं.

"या जुबेदाबी. शारीकची आई," हम्माद म्हणाला. "मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या ग्रुपबरोबर आल्यात. गेल्या महिन्यात पोलीस यांच्या दारात आले होते. तुझा मुलगा जेद्द्यात शुक्रवारच्या बैठकीला जातो, त्याचा पत्ता दे, म्हणाले."

शारीक. वहाबने लिहिलेलं तिसरं नाव.

म्हातारीच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. तिचे डोळे नुसते चमकत होते. तिने बोचक्यातून मूठभर अक्रोड काढून वहाबच्या हातावर ठेवले आणि काश्मिरीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"शारीक किती वाजता येतो, विचारतायत. सकाळपासून दहादा विचारलं."

वहाबला राहवेना. आपल्यामुळे पोरगा लपून बसलाय, आणि आई इथे ताटकळतेय. सगळं कबूल करायचं, मग पासपोर्टचं काय व्हायचं ते होवो, असं त्याने मनाशी ठरवलं.

"हम्मादभाई, तुम्हाला काही सांगायचंय मला. पण आधी शारीकला बोलवा. इथे भीती वाटत असेल तर माझ्या दुकानात भेटू देत मायलेक. शटर मी ओढून घेतो."

हम्मादने म्हातारीकडे पाहिलं. तिला हिंदी कळत नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

"शारीकला वर्दीवाल्यांनी घरातून उचलून नेलं त्याला तीस वर्षं झाली, वहाबभाई. शुक्रवारी आम्ही नावं घेतो ती परत न आलेल्यांची, आणि त्यांच्या वतीनं हाजिर म्हणतो ते आम्ही."