कचरूतात्यांच्या सहली

रत्नागिरीला लेकीकडं आठ दिवस राहून थापाडे कचरूतात्या गारखेड्यात परतले. चहाच्या टपरीवर नव्या कारवाल्या काकासाहेबानं डिवचलंच, "लेकीकडं कार नाय म्हणं. मग समुद्र खिडकीतूनच पाह्यला का?"

"रोज नवी सहल! आज गणपतीपुळं, उद्या पावस. एका लाटेनं टोपी नेली, दुसरीनं धुऊन आणून दिली."

टपरी खदखदून हसली.

"अन् रोज कुठं जायचं, ते कोण ठरवायचं?"

"डेपो."

तात्यांनी मोबाईल पुढं केला. फोटोत लाल एसटीच्या स्टिअरिंगमागं खाकीतली रूपाली बसली होती.

"लेकीची ड्युटी जिकडं, बाप तिकडं. तुझी कार पाच जणांची, काकासाहेब. माझ्या पोरीची गाडी चव्वेचाळीस जणांची हाय."

जन्मात पहिल्यांदाच तात्यांना आकडा फुगवावा लागला नाही.