गुमताऱ्याची उतरण

इनास जाऊन महिना झाला, म्हणून घरी ठेवलेल्या प्रार्थनेला हिरामण आला आणि चपला काढून दाराशीच बसला. खोलीत सगळी चर्चची माणसं. त्यातली रेमेतवहिनी तेवढी त्याच्या ओळखीची, आणि ती नवऱ्याच्या फोटोखाली मान घालून बसलेली.

प्रार्थना संपली. फादर म्हणाले, "इनासबद्दल कुणाला काही आठवत असेल तर बोला."

एकेक जण बोलला. दिवसभर लूमची दुरुस्ती करायचा, पण हाताचं ग्रीस धुतल्याशिवाय त्याने कधी बायबलाला हात लावला नाही. चर्चमध्ये गाताना आवाज सगळ्यांत मोठा, आणि सगळ्यांत बेसूर. लोक हसले. मग चर्चची व्यवस्था बघणारा पेद्रू उठला.

"माणूस सोन्यासारखा. पण डोंगराचं भारी वेड. त्र्याहत्तरच्या गुड फ्रायडेला क्रूस वाहायचा मान त्याला दिला होता. तीन वाजता आम्ही सगळे उन्हात उभे, आणि हा गुमताऱ्याच्या डोंगरावर! शेवटी मीच उचलला." तो जरासा हसला. "देवानं माफ केलं असेल त्याला."

रेमेतवहिनीची मान आणखी खाली गेली.

हिरामण उठून उभा राहिला. तो आणि इनास एकाच कारखान्यातले. शुक्रवारी लूम बंद, म्हणून दर शुक्रवारी दोघांची डोंगराची वाट ठरलेली. त्या दिवसाचं कुणाला सांगू नको, असं इनासने बजावलं होतं. तीन वर्षं हिरामणने ते पाळलं होतं.

"फादर, मी होतो संगं," तो म्हणाला. "इनासदादा म्हनला, पहाटे चढू, माथ्यावर प्रार्थना करू, बाराच्या यष्टीनं परत. उतरताना ठकुबाई दिसली. पायथ्याच्या पाड्यावरची म्हातारी. मोळी घेऊन घसरली होती, पाय टेकवत नव्हता. दादानं तिला पाठीवर घेतलं. मोळी मी घेतली. मोळी सोडून यायला बाय तयार न्हाय."

कुणीतरी हसलं.

"मी म्हनलो, दादा, तुझी यष्टी चुकंल. म्हनला, चुकू दे. पन लय कासावीस झाला होता. जरा चालायचा, तिला दगडावर बसवायचा, गुडघा टेकून कायतरी पुटपुटायचा, पुन्हा उचलायचा. ठकुबाई वरडायची, 'सारखा काय उतरवतोस मेल्या, पाय ठणकतोय माझा!' चौदा वेळा थांबला. मी मोजलं. मला वाटलं, दमला."

सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. पेद्रू खाली बसला. आपलं काही चुकलं की काय, हिरामणला कळेना.

"दमला नव्हता," फादर हळूच म्हणाले. "क्रुसाच्या वाटेवर आम्ही चौदा ठिकाणी थांबतो, हिरामण. प्रार्थनेला."

"मग त्याने मला का नाही सांगितलं?" रेमेतवहिनीने विचारलं. "आठ दिवस बोलले नाही मी त्याच्याशी."

"मी म्हनलो होतो, वहिनी, घरी तरी सांग. म्हनला, सांगितलं की कौतुक करतील. मानसं माझ्यापायी उन्हात उभी ऱ्हायली, ती ऱ्हायलीच ना."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "त्या रात्री ताट वाढलं तर जेवला नाही. दिवसभराचा उपाशी. मला वाटलं, आल्या आल्या मी तडातडा बोलले, त्याचा राग आला."

हिरामण मान खाजवू लागला. हे फादरांसमोर सांगावं की नाही, याचा त्याने थोडा विचार केला.

"उपाशी नव्हता. ठकुबाईनं भाकर पुढं केली. दादा म्हनला, आज माझा उपास हाय. ती म्हनली, मंग मी पन न्हाय खात. घरात एकच भाकर. शेवटी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. दादा म्हनला, आता आजचं जेवन हेच."

वहिनीने मान वर केली.

"कशाशी?"

"सुकटीच्या चटणीशी."

"चटणीत चिंच होती?"

"न्हाय, वहिनी. म्हातारीकडं कुठली चिंच."

"चिंचेशिवाय सुकट खात नाही तो," वहिनी म्हणाली.