रांगेतलं नाव

माझी नवी कादंबरी बाहेर पडली की मला चैन पडत नाही. रोज उठल्याबरोबर आधी वाचनालयाच्या साइटवर बघते, तिच्यासाठी किती जण रांगेत आहेत. ही बारावी. सातशे चाळीस जण. त्यात एक माझे बाबा, ज्यांनी आजवर माझ्या लिखाणाबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

"नाताळनंतर वाचता येणार नाही," असं त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तशी मी प्रत घेऊन कायानीला, बाबांच्या गावी, धावले.

बाबांनी कॉफी ओतली, वेलचीचा पाव पुढे केला आणि पुस्तक माझ्याकडे परत सरकवलं.

"नंबर लावलाय मी."

"तो वसंतात लागेल, बाबा! ही प्रत घ्या ना."

"मग रांगेतून नाव काढावं लागेल, हेल्का. घरात पुस्तक असताना जागा अडवून बसणं बरं दिसत नाही."

"मग काढा! की वाचायचंच नाहीये? तसं सांगा तरी एकदाचं!"

बाबांनी कप खाली ठेवला.

"तू रोज सकाळी तो आकडा बघतेस ना? मी निघालो तर एकाने कमी दिसेल."