हजेरीची सही

शिट्टी वाजली, पण बूट पेडलमध्ये अडकल्याचा खटका एकदाही ऐकू आला नाही. सातही संघांचे सायकलपटू एक पाय जमिनीवर टेकून उभे राहिले. मागच्या वर्षी खिंडीच्या उतारावर भैरूचा जीव गेला होता, आणि यंदाही शर्यतीचा मार्ग तोच होता.

वर्षभर भांडून आम्ही शर्यत भरवणाऱ्या संघटनेच्या समितीत सायकलपटूंसाठी एक खुर्ची मिळवली होती. तिच्यावर बसणाऱ्याला शर्यती सोडाव्या लागणार होत्या. मी सोडल्या. पहिल्याच बैठकीत त्या उताराला एकट्यानं विरोध केला आणि अकरा विरुद्ध एक असा हरलो.

आता अध्यक्षांनी जीपमधून वही उंचावली. "मार्ग तुमच्या प्रतिनिधीसमोर ठरलाय. ही बघा त्यांची सही."

सही माझीच होती. बैठक सुरू होण्याआधी, चहा यायच्या आत, सगळ्यांकडून हजेरीची घेतात ती. ठराव नंतर तिच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहिला गेला होता.

पहिल्या रांगेतून भैरूच्या धाकट्या भावानं विचारलं, "दादा, सही तुमची?"

"माझीच. पण ती हजेरीची रे, मी तर विरोधच..."

"मग संपलंच की," तो म्हणाला आणि त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला. त्याच्या पेडलचा खटका वाजला. मग शेजारच्याचा, मग मागच्याचा. बघता बघता सगळे खिंडीकडे निघाले.

अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं तुम्हाला समितीत घेतलं. नाहीतर आज शर्यत झालीच नसती."